नवी नोकरी, दोन मुलं आणि तीन उपनगरं: घर कुठे घ्यावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांनी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं आहे. ऑफिस शहराच्या मधोमध, ऐन गर्दीच्या भागात. आठवड्यातले चार दिवस जावंच लागेल. नवरा घरून काम करतो, अधूनमधून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. सासूबाई आमच्याकडेच असतात. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही, पण रोज बाहेर पडल्याशिवाय करमतही नाही.

आधी भाड्याने राहणार, पटलं तर विकत घेणार. तीन उपनगरं डोळ्यासमोर आहेत. नावं मुद्दाम देत नाही, म्हणजे चर्चा निकषांवर राहील.

अ - शहराच्या पश्चिमेला, सगळ्यात लांब. घर मोठं, पुढे अंगण, वसाहत नवी. द्रुतगती मार्ग जवळ, ट्रेन नाही. गाडीने ५० मिनिटं असं नकाशा सांगतो.

ब - मधलं, जुनं उपनगर. स्टेशन चालत दहा मिनिटांवर, थेट ट्रेन, ट्रेनमध्ये २५ मिनिटं. घर मध्यम.

क - ऑफिसपासून अगदी जवळ, पण घर लहान आणि हमरस्त्याला लागून.

घरात सगळ्यांचा कल अ कडे आहे. मला रोजच्या प्रवासाची धास्ती वाटते. पण मुलांना मोकळी जागा मिळत असेल तर आपण सोसावं, असंही वाटतं. तुम्ही कशावरून ठरवलंत?

दवबिंदू

वाचतेय. आमचंही हेच चाललंय सध्या.

रुळांकाठी

वाहतूक नियोजनात काम करतो, त्यामुळे आधी प्रवासाचं बोलतो.

नकाशावरची ५० मिनिटं कोणत्या वारी, किती वाजता बघितलीत? सुट्टीच्या दिवशी दुपारी बघितली असतील तर तो आकडा सोडून द्या. मंगळवारी किंवा बुधवारी, ज्या वेळी तुम्ही खरोखर निघणार त्याच वेळी बघा. संध्याकाळचा परतीचा वेळ वेगळा बघा, तो बहुतेक वेळा जास्तच निघतो.

दुसरं, सरासरी धरू नका. आम्ही ९५ वा पर्सेंटाइल धरतो. म्हणजे कामाच्या वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस जितक्या वेळात तुम्ही नक्की पोचता, तो वेळ. महिन्यातून एखाद्या दिवशी उशीर झाला तर चालून जातं, दर आठवड्याला झाला तर नव्या नोकरीत ते लगेच नजरेत येतं. ज्या रस्त्याला पर्याय नाही, तिथे एक अपघात किंवा एक जोराचा पाऊस पुरतो. त्यामुळे अ ची ५० मिनिटं मी मनातल्या मनात सव्वा तास धरेन आणि घरातून निघायची वेळ त्यावरून ठरवेन. रोज वेळेवर पोचायचं तर ज्या दिवशी रस्ता मोकळा असेल त्या दिवशीही तितक्याच लवकर निघावं लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

ब चा हिशोबही पुरा करा. ट्रेनमधली २५ मिनिटं म्हणजे प्रवास नव्हे. घराचं दार ते ऑफिसातली खुर्ची, असं मोजा. दहा मिनिटं स्टेशनपर्यंत, मग जिने, फलाटावरची वाट, उतरल्यावर बाहेर पडायची गर्दी, पुढचं चालणं. गाड्या दर वीस मिनिटांनी असतील तर न बघता गेल्यास सरासरी दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि वाट बघण्याचा एक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या दोन मिनिटांएवढा वाटतो, असं आमच्या गणितात साधारण धरलेलं असतं. थेट गाडी आहे ही ब ची फार मोठी जमेची बाजू आहे. मध्ये गाडी बदलायची असती आणि दोन्ही गाड्या प्रत्येकी ९५ टक्के वेळेवर असत्या, तरी दोन्ही वेळेवर मिळायची खात्री ९० टक्क्यांवर येते.

आता सोसण्याबद्दल. सेझारे मार्केत्ती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असं मांडलं की शहर कुठलंही असो, काळ कुठलाही असो, माणूस सरासरी दिवसाचा साधारण एक तास प्रवासात घालवतो. जाऊन येऊन एक तास. त्याच्या आधी, १९७० च्या दशकात, वाहतूक संशोधक याकोव्ह झहावी यांनीही हेच निरीक्षण मांडलं होतं. वेगवान साधन आलं की लोक वेळ वाचवत नाहीत, आणखी लांब राहायला जातात. हा नियम नाही, सरासरी आहे. पण दिवसाला अडीच तास हा त्या सरासरीच्या कितीतरी पलीकडे आहे, आणि तो वेळ झोपेतून किंवा मुलांच्या वाट्यातून येतो. तिसरीकडून येत नाही.

एका फेरीला २५ मिनिटं जास्त धरा. आठवड्याला चार दिवस, वर्षाचे साधारण ४५ आठवडे. ९,००० मिनिटं, म्हणजे १५० तास. मोठं घर हवंच असेल तर घ्या, पण त्याची ही किंमत घरातल्या सगळ्यांसमोर मांडून मग घ्या.

कोवळी उन्हे

रुळांकाठी, प्रतिसाद आवडला. एक भर घालते. मिनिटं सारखी असली तरी ती कशी जातात यात फार फरक पडतो. मी ट्रेनने जाते, बसायला जागा मिळते. जाताना वाचन, येताना डोळे मिटून स्वस्थ. घरात शिरताना मी ताजी असते. आधीच्या नोकरीत स्वतः गाडी चालवत जायचे, वेळ जवळजवळ तेवढाच, पण घरी आल्यावर मुलांशी बोलायला अर्धा तास लागायचा. म्हणून ब ला जाऊन गर्दीच्या वेळी जागा मिळते का ते बघा. ट्रेन जिथून सुटते त्या स्टेशनच्या जवळ असाल तर मिळेल, मधल्या स्टेशनवर उभं राहून जावं लागेल.

आणि अ पश्चिमेला आहे ना? सकाळी पूर्वेकडे जाणार, सूर्य समोर. संध्याकाळी पश्चिमेकडे परतणार, पुन्हा सूर्य समोर. रोजचं गाडी चालवणं असेल तर हे फार जाणवतं.

दूरवस्ती

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही तुमच्या अ सारख्या ठिकाणी राहतो आणि समाधानी आहोत. मुलं अंगणात मातीत खेळतात, सायकल शिकली ती घरासमोरच्या बंद गल्लीत. घरात प्रत्येकाला दार लावून बसता येतं. पाऊलवाट, तुमचा नवरा घरून काम करतो, सासूबाई दिवसभर घरात. क मध्ये त्या माणसाने मीटिंग कुठे घ्यायची? प्रवास तुमचा दिवसाला दोन तासांचा असेल, पण घर त्यांच्यासाठी दिवसभराचं आहे. सगळा विचार फक्त ऑफिसला जाणाऱ्याच्या घड्याळाने करू नये.

रुळांकाठी

दूरवस्ती, मुद्दा मान्य. घरून काम करणाऱ्याला बंद होणारं दार हवंच, त्यावर तडजोड नको. पण तुम्ही आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जाता?

दूरवस्ती

दोन. चार दिवस असते तर मीही वेगळा विचार केला असता, हे खरं.

खडूफळा

प्राथमिक शाळेत शिकवते. इथे अजून कोणी शाळेचं बोललेलं नाही, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

पालक शाळेचा निकाल बघतात, इमारत बघतात. मी म्हणेन की आधी शाळेची वाट बघा. घरापासून शाळेपर्यंत एकदा चाला, शाळा सुटायच्या वेळी. सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून बघायचं. उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधून त्याला रस्ता दिसतो का? पदपथ मध्येच संपतो का? वळणावर गाड्या वेग कमी करतात का? ताशी ३२ किलोमीटरने येणारी गाडी चालकाला धोका दिसल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते, ४८ ने येणारी २३ मीटर घेते. शाळेसमोर हा फरक म्हणजे आयुष्याचा फरक आहे. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सांगितलं आहे. तुमच्या उपनगरात आतल्या रस्त्यांवर ती आहे का आणि पाळली जाते का, हे पाच मिनिटं कोपऱ्यावर उभं राहिलात तरी कळेल.

तुमची मुलगी अकरा वर्षांची. अजून एक-दोन वर्षांत तिला मैत्रिणीकडे, वाचनालयात, खेळायला एकटीने जायचं असेल. अ मध्ये ती प्रत्येक ठिकाणी गाडीतूनच जाणार. मोठं अंगण सहा वर्षांच्या मुलाला पुरतं, तेरा वर्षांच्या मुलीला पुरत नाही. तिला माणसं लागतात, आणि आपल्या पायांनी त्यांच्यापर्यंत जाता यायला लागतं. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं: १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती, १९९० मध्ये फक्त ९ टक्के. आईवडिलांना वाहनांची भीती वाटू लागली हे त्यामागचं मोठं कारण होतं. मुलांचं स्वातंत्र्य असं हळूहळू गेलं आणि त्या मुलांचे सारथी आपण झालो. अ मध्ये ते काम तुमच्या नवऱ्याकडे येईल, कारण दिवसा घरात तोच आहे. त्याच्याशी हे आताच बोला.

शाळा बदलण्याचंही. अकराव्या वर्षी एकदा शाळा बदलणं मुलं निभावून नेतात. भाड्याच्या घरासाठी एकदा आणि विकतच्या घरासाठी वर्षभरात पुन्हा, असं मात्र शक्यतो नको. म्हणून भाड्याचं घर अशा ठिकाणी घ्या की पुढे विकत घेतलं तरी शाळा तीच राहील. शाळेत जागा शिल्लक आहे का, हे घराच्या करारावर सही करण्याआधी विचारा. पत्ता हद्दीत असला म्हणजे प्रवेश मिळेलच असं नसतं. आणि शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांइतकंच फाटकावरच्या पालकांशी बोला.

दवबिंदू

खडूफळा ताई, ‘तेरा वर्षांच्या मुलीला पुरत नाही’ हे अगदी पटलं. माझी लेक त्याच वयाची आहे. वाचनखूण साठवली.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या बाजूंनी विचार केला नव्हता. दोन शंका. ब मध्ये स्टेशनजवळ घर घेतलं तर ट्रेनचा आवाज किती त्रासदायक होतो? आणि सासूबाईंसाठी नेमकं काय बघू?

उंबरठा

सासूबाईंचं मी सांगते. माझी आई माझ्याजवळ असते, तिचेही गुडघे असेच.

बाहेर पडणं म्हणजे त्यांच्यासाठी कुठेतरी पोचणं नसतं, चार ओळखीचे चेहरे दिसणं असतं. म्हणून बसायला बाक कुठे कुठे आहेत ते मोजा. दोन बाकांमध्ये त्यांना दमायला होईल इतकं अंतर असलं तर त्या दुसऱ्या बाकापर्यंत जाणारच नाहीत. पदपथाची कड किती उंच आहे, रस्ता ओलांडायच्या जागी उतार केलाय का, ते बघा. सिग्नलवर एकदा घड्याळ लावा. पादचारी सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरून बरेच सिग्नल बसवलेले असतात. बारा मीटरचा रस्ता त्या हिशोबाने दहा सेकंदांत ओलांडून होतो. माझ्या आईला पंधरा लागतात. उरलेली पाच सेकंदं ती रस्त्याच्या मध्ये असते आणि समोरच्या गाड्यांचे दिवे हिरवे झालेले असतात. अशा एका सिग्नलमुळे ती पलीकडच्या बागेत जायची बंद झाली होती.

क हमरस्त्याला लागून आहे म्हणालात, तर हेही वाचा. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. घरं साधारण सारखी, फरक वाहनांचा. दिवसाला २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते आणि सहाहून जास्त ओळखीचे. १६,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर एकाहून कमी मित्र आणि तीनच ओळखीचे. लोक पुढच्या खोल्या सोडून मागच्या खोल्यांत राहायला लागले होते. हे वाचल्यापासून मी घर बघायला गेले की आधी समोरचा रस्ता बघते. हमरस्त्याच्या कडेच्या हवेचा प्रश्न आहे तो वेगळाच. सहा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. क हवंच असेल तर त्याच उपनगरात चार गल्ल्या आत घर शोधा.

रुळांकाठी

उंबरठा यांना पूर्ण अनुमोदन. रहदारीतून येणाऱ्या प्रदूषणाचा परिणाम मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंत सर्वात जास्त जाणवतो, असं हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटच्या २०१० च्या अहवालात आहे. अ मध्येही द्रुतगती मार्गापासून घराचं अंतर मोजा. नव्या वसाहतीत ‘मार्ग जवळ’ ही जाहिरात असते, शेवटच्या रांगेतल्या घरांना तोच त्रास होतो.

ट्रेनच्या आवाजाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात रात्रीचा आवाज रस्त्यासाठी ४५ डेसिबलच्या आणि रेल्वेसाठी ४४ च्या आत असावा असं आहे. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. तुम्ही विचारायचं ते हे की रात्री मालगाड्या जातात का, आणि झोपायच्या खोल्या रुळांच्या बाजूला आहेत की विरुद्ध. चालत दहा मिनिटांचं अंतर म्हणजे साधारण ८०० मीटर. तेवढं स्टेशनपासून असलं तरी घर रुळांच्या शेजारीच असू शकतं, कारण रूळ स्टेशनपाशी संपत नाहीत. रात्री अकरानंतर एकदा तिथे उभं राहून ऐका.

पाऊलवाट

या आठवड्यात नवऱ्याबरोबर अ आणि ब दोन्हीकडे कामाच्या दिवशी जाऊन आलो. सासूबाईंनाही नेलं.

अ मधलं घर खरंच सुंदर आहे. भरपूर उजेड. पण दुपारी चार वाजता रस्त्यावर एकही मूल नव्हतं. शाळेच्या गाड्या येत होत्या, मुलं उतरून सरळ फाटकाच्या आत जात होती. सासूबाई कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुढे जाण्यासारखं काही नव्हतं. परतीला निघालो तेव्हा द्रुतगती मार्गाच्या चढणीवरच गाड्यांची रांग लागली होती, आणि आम्ही तर गर्दीच्या उलट दिशेला होतो.

ब मध्ये घर जुनं आहे, स्वयंपाकघर अंधारं. पण स्टेशनकडून येणाऱ्या वाटेवर शाळा, दवाखाना, वाचनालय सगळं एका ओळीत. बागेत मुलगी एका मुलीशी बोलायला लागली आणि आम्ही निघताना हाक मारून बोलवावी लागली. सासूबाई एका आजींच्या शेजारी बाकावर बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याला खोली मिळते आहे, लहान आहे पण दार आहे. तो म्हणाला की मुलांना पोचवायचं काम वाचलं तर त्याला लहान खोली चालेल.

मुलगा मात्र अजून अंगणावर अडून बसलाय.

दूरवस्ती

मुलाला बागेपर्यंत रोज घेऊन जाणारं कोणीतरी असेल असं बघा, मग अंगण विसरेल. तुमच्या बाबतीत ब च योग्य वाटतंय, माझा आग्रह मागे घेतो.

खडूफळा

अगदी. १९२९ मध्ये अमेरिकन नगररचनाकार क्लॅरन्स पेरी यांनी वस्तीचा आराखडा मांडला तेव्हा मधोमध शाळा ठेवली होती आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेला, म्हणजे मुलांना ते ओलांडायलाच लागू नयेत. तुमचं वर्णन वाचून ब तसंच दिसतंय. शाळेत जागा आहे का विचारलंत?

पाऊलवाट

मुलासाठी आहे. मुलीच्या वर्गात प्रतीक्षायादी आहे, पुढच्या आठवड्यात सांगतील. तोवर करार थांबवलाय.

उंबरठा

बरं केलंत. आणि एक बघून ठेवा: मुलाला शाळेत ताप आला आणि नवरा नेमका शहराच्या दुसऱ्या टोकाला असला, तर अर्ध्या तासात शाळेत कोण पोचेल? ब मध्ये शेजारपाजार जमेपर्यंत याचं उत्तर तयार हवं. शाळेत दुसरं कोणाचं नाव लिहून देता येतं का तेही विचारा.

रुळांकाठी

नोकरी नवी आहे, म्हणून शेवटचं सांगतो. पहिले काही महिने नोकरी टिकते की बदलते कोणालाच माहीत नसतं. एकाच ऑफिसवर डोळा ठेवून घर घेऊ नका. ब च्या रेल्वेमार्गावर कामाची आणखी कोणती ठिकाणं आहेत, गाडी न बदलता कुठे कुठे जाता येतं, ते बघा. नवऱ्याला ज्या टोकाला जावं लागतं तिकडे तीच गाडी पुढे जाते का? जात असेल तर दोघांचाही प्रश्न सुटला.

करार करण्याआधी स्थानिक नगररचना कार्यालयात त्या भागाचा विकास आराखडा मागून घ्या. घरासमोरचा शांत रस्ता पुढे रुंद होणार आहे का, हे त्यात दिसतं. आणि रात्रीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते वेळापत्रकात बघा. एखाद्या दिवशी काम लांबलं तर घरी यायला काय आहे, ते आधीच माहीत हवं.

पाऊलवाट

शेवटची गाडी बाराच्या आसपास आहे, आणि नवऱ्याच्या टोकाला तीच गाडी जाते. आराखड्यासाठी सोमवारी जाते. मुलीच्या प्रवेशाचं कळलं की इथे लिहीन.